‘एवढं चाखून बघ’ म्हणणाऱ्या अहोंना अनावृत पत्र

अहो,

हे पत्र तुमच्या ताटाशेजारी ठेवता आलं असतं. तुम्ही ते वाचलं असतं, हसला असता आणि ‘बरं, आधी हे चाखून बघ’ म्हणत पळी पुढे केली असती. घरात हा विषय नेहमी त्या पळीपाशीच संपतो, म्हणून आज चारचौघांत बोलते आहे. तुमच्या हाताच्या चवीचं कौतुक चारचौघांत होतं. त्या चवीचा हिशेब कोणाच्या अंगावर चढतो आहे, हेही चारचौघांतच कळू द्या.

माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो. गेल्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ निघालं. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी ही चाचणी. ५.७ च्या खाली असलं तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात आहे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. ‘पाच किलो उतरवा, रोज चाला आणि मग पुन्हा दाखवायला या,’ एवढंच म्हणाल्या. हे पाच किलो त्यांनी मनाने सांगितलेले नाहीत. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात माझ्यासारख्याच मधल्या पट्ट्यातल्या लोकांना वजन सात टक्क्यांनी उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायला सांगितलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईतल्या डॉक्टरांनी आपल्या देशातल्या माणसांवर तसाच अभ्यास केला, तो २००६ साली छापून आला. तिथेही फक्त खाणं आणि चालणं सुधारून हे प्रमाण पाव हिश्शाहून जास्त खाली आलं. सत्तरातले पाच म्हणजे जवळपास तेच सात टक्के. म्हणजे औषधाशिवाय मागे फिरायची वाट मला अजून उघडी आहे. ती वाट आपल्या स्वयंपाकघरातून जाते आणि तिथे तुम्ही झारा घेऊन उभे आहात.

तो रिपोर्ट तुम्हीच फोनवर उघडून वाचलात. कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. आणि त्याच संध्याकाळी ‘टेन्शन घेऊ नकोस, चल जरा बाहेर’ म्हणून मला महामार्गावरच्या ढाब्यावर नेऊन तुम्ही शेवभाजी मागवलीत. बेसनाची तळलेली शेव आणि तिच्यावर बोटभर तवंग असलेला काळ्या मसाल्याचा रस्सा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेल्या बायकोला धीर द्यायला तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझ्या आईचं आजारपण तुम्ही जवळून पाहिलंय. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, तेव्हा ड्रेसिंगला तिला गाडीतून नेणारे तुम्हीच होता. अंगठा काढावा लागला, त्या दिवशी दवाखान्याच्या कागदांवर सही तुम्ही केलीत. जावयाने एवढं केलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिच्यासाठी तुम्ही घरातले लाडू कुलपात ठेवायचात, चहात साखर पडते का ते उभं राहून बघायचात. साखर काय करते हे ज्या माणसाला इतकं ठाऊक आहे, तोच तिच्या लेकीच्या ताटात ‘अर्धी घे’ म्हणत चौथी पुरी कशी वाढतो?

तुम्ही उत्तम स्वयंपाक करता, हे सगळं गाव जाणतं. तुमच्या जळगावकडच्या पद्धतीने काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत नाशकात तुमच्याइतकं चांगलं कुणी करत असेल, असं मला वाटत नाही. यामुळेच माझी तक्रार कुणी ऐकून घेत नाही. ‘नशीब काढलंस गं’ हे भेटेल ती बाई मला ऐकवते. शेजारच्या काकू, शाळेतल्या मैत्रिणी, तुमच्या ताई, माझी सख्खी मावशी, सगळ्यांचं तेच. नवरा कढईपाशी उभा राहतो ही आपल्याकडे अजूनही बातमी आहे. दारू पिणाऱ्या नवऱ्याबद्दल बाई चार शब्द बोलली तर शेजार ऐकून घेतो. खाऊ घालणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलली तर म्हणतात, हिला सुख टोचतंय. पिढ्यान् पिढ्या बायकांनी रोज दोन वेळा रांधलं, पण ‘नशीब काढलंस’ असं त्यांच्या नवऱ्यांना कुणी म्हणालं नाही. तुम्ही रविवारी मटण केलंत की मात्र तुमचा सत्कार होतो आणि माझ्या तोंडाला कुलूप लागतं.

शिवाय तुम्ही काय शिजवता, हेही एकदा बोलू या. रोजची पोळी-भाजी मी करते. लेकीचा डबा, वरण-भात, कोशिंबीर, दूध तापवणं, पीठ दळून आणणं हे माझं. तुमचा स्वयंपाक शनिवार-रविवारचा, पाहुण्यांचा, पहिल्या पावसाचा. दाल-बट्टी, मटणाचा रस्सा, भरीत आणि त्याच्यासोबत कळण्याच्या पुऱ्या, भजी, खव्याच्या पोळ्या. तुमच्या हातून दुधीची भाजी झालेली मी पाहिलेली नाही. ज्याचं कौतुक होईल तेच तुम्ही चुलीवर चढवता. माणसं तीन आणि शिजतं आठांचं. उरलेलं सोमवारी, मंगळवारी कोण खातं? अन्न टाकायचं नाही हे तुमच्या आणि माझ्या, दोघांच्याही आयांनी शिकवलं. पण ते संपवायचं काम घरात एकाच माणसाकडे आलं. मधुमेहाच्या मधल्या पट्ट्यात आज तेच माणूस आहे.

आता तेलाकडे येते, कारण तिथे आकडे स्वच्छ आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरींची गरज असलेल्या माणसाच्या ताटाचा त्यांनी जो नमुना दिला, त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. तीन माणसं, तीस दिवस, म्हणजे साधारण पावणेतीन लिटर. आपल्याकडे पाच लिटरचा डबा येतो आणि तो महिनाभर पुरत नाही. तुपाची बरणी वेगळी. बाहेर खातो ते या हिशेबात धरलेलंच नाही.

तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास, सुमारे १२० कॅलरी देतो. माझ्या वजनाची बाई तासभर बऱ्या वेगाने चालली तर दोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे पहाटे उठून मी गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर तासभर पाय झिजवायचे आणि तुम्ही फोडणीत दोन पळ्या जास्त ओतून ते भरून काढायचं. बट्टी कुस्करून तुम्ही तिच्यावर तुपाची धार धरता. मी हात आडवा केला तरी ती धार बोटांमधून खाली जाते. तीन मोठे चमचे तूप म्हणजे साडेतीनशे कॅलरींच्या घरात, आणि अजून डाळ यायची असते. या घरात घाम गाळणारी एक आणि तेल ओतणारा दुसरा. असं किती वर्षं चालायचं?

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. ‘तू कुठे जाड आहेस? खात्यापित्या घरची दिसतेस.’ तुम्ही हे प्रेमाने म्हणता, पण वैद्यकाला ते मान्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं या एका प्रश्नावर घालवली. आपली माणसं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. माझा बीएमआय २९ आहे. तुमच्या डोळ्यांना मी छान दिसते याचा मला आनंदच आहे, पण स्वादुपिंडाला तुमचे डोळे नाहीत.

मी प्रयत्न केले नाहीत असं तुम्ही म्हणू शकत नाही, कारण ते सगळे तुमच्या डोळ्यांदेखत मोडले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवणाची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली, तेव्हा मीही ती धरली. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. तुम्ही त्यातली ५५ मिनिटं तेवढी उचललीत. ‘दोनदाच जेवणार आहेस, तर नीट जेव’ म्हणून दोन्ही वेळा पंगतीचं ताट वाढायला लागलात. आणि दुपारी चार वाजता रश्श्याची वाटी घेऊन यायचं, ‘जरा मीठ बघ.’ आयुष्यभर अंदाजाने अचूक मीठ टाकणाऱ्या माणसाला माझ्या जिभेची गरज नेमकी याच दिवसांत का पडावी? मग मी एकादशी धरली. त्या दिवशी तुम्ही साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस केलात. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या घरात तुम्ही शब्दशः खरी केलीत.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी इतकी वर्षं गिळत आले. मी ‘नको’ म्हटलं की तुम्ही दुखावता. भांडत नाही, बोलत नाही, झाकण ठेवता आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसता. लेक माझ्याकडे बघते, तुमच्याकडे बघते. घरावर मळभ येतं. मग ते जावं म्हणून मी ताट घेते. माझ्या अंगावर चढलेलं कितीतरी वजन भुकेपोटी आलेलं नाही, तुमचा रुसवा काढायला खाल्लेल्या घासांचं आहे. तुमच्या आईंनी काटकसरीच्या घरात चार मुलं वाढवली. पाहुणा आला की स्वतः अर्धपोटी राहून त्याला पोटभर वाढलं, हे मला ठाऊक आहे. वाढणं म्हणजे माया, हे तुम्ही त्यांच्याकडून शिकलात आणि ते खरंही आहे. पण त्या घरात भूक होती. आपल्या घरात भूक नाही, आणि तुम्ही अजून तसंच वाढता. भूक नसलेल्या, आजाराच्या वाटेवर असलेल्या माणसाला तीच माया त्याच मापाने वाढली तर ती त्याला बाधते, हे पन्नाशीच्या माणसाला कळायला हवं.

बाहेरच्या खाण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे तुमचा हात नसून तुमची जीभ गुन्हेगार आहे. रविवारी सकाळी नाशकात राहून मिसळ खायची नाही तर कधी खायची, हे मलाही पटतं. गंगापूर धरणाच्या बाजूला झाडाखाली बसून चुलीवरची मिसळ मीही आवडीने खाल्ली आहे. पण रविवारी मिसळ, बुधवारी ‘तू दमली असशील’ म्हणून पंजाबी, शनिवारी ढाबा, आणि मधेच कुणाची तरी बढती. काजू आणि मगजबीच्या वाटणावर लोणी आणि साय घातलेली भाजी मी घरी कधी करत नाही. तिथे ती दर आठवड्याला माझ्या पुढ्यात येते. वेटर विचारतो, ‘रोटी बटर की प्लेन?’ प्रश्न मला असतो, उत्तर तुम्ही देता: ‘मॅडमना पण बटर.’ मला प्लेन हवी आहे, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत तो आत गेलेला असतो. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूकार्डावर कॅलरी छापणं २०२२ पासून बंधनकारक आहे. तुम्हाला आवडतात ती ठिकाणं एका मालकाची, एका चुलीची. तिथे हा नियम लागत नाही, म्हणून नियमाचं काम तुम्हालाच करावं लागेल.

‘मनावर घेतलं की होतं, तुझ्यातच निग्रह नाही’ असंही तुम्ही एकदा म्हणालात. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांपैकी एकाचं वजन एकटं वाढत नाही आणि एकटं उतरतही नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या हजारो माणसांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्यांतल्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००७ साली संशोधकांनी दाखवलं, की नवरा किंवा बायको लठ्ठ झाली तर जोडीदार लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते. याची दुसरी बाजूही तपासून झाली आहे. २०१८ साली कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी १३० जोडपी घेतली. प्रत्येक जोडीतल्या एकालाच वजन उतरवायला मदत दिली. सहा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं अशा जोडीदारांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांचं वजनही तीन टक्के किंवा जास्त उतरलं होतं. निग्रह एकट्याच्या मनात राहत नाही, तो घराच्या किराणा यादीत, कढईच्या आकारात, शनिवारच्या बेतात राहतो. आणि या तिन्ही गोष्टी आपल्या घरी तुमच्या हातात आहेत. तुमच्या पँटचा पट्टा कुठल्या भोकावर आला आहे, तेही जाता जाता बघा. लेक पंधरा वर्षांची आहे. तिच्या आजीला मधुमेह होता, आई उंबरठ्यावर आहे. तिचं ताटही तुमच्याच समोर आहे.

मी तुम्हाला स्वयंपाक सोडायला सांगत नाही. उलट, रोज करा असं सांगते. पण ज्या हाताला एवढी जाण आहे, त्याने एकदा अवघड काम करून दाखवावं: कमी तेलात चव आणावी. तुमच्या खानदेशात तेलाचा तवंग म्हणजेच सगळं जेवण नाही. तुमच्या आई तूरडाळ भिजवून, वाटून, मिरची-लसूण घालून फुणके वाफवायच्या आणि कढीबरोबर वाढायच्या. त्या पदार्थाला फोडणीपुरतं तेल लागतं. कळण्याची भाकरी आहे, पुरीच हवी असं कुणी सांगितलंय? भरताचं वांगं विस्तवावर भाजतात. त्याची सगळी चव त्या भाजण्यात, कांद्याच्या पातीत आणि हिरव्या मिरचीत आहे. वरून ओतलेल्या पळीभर तेलाने ती वाढत नाही. हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. दुधीची, घोसाळ्याची, पडवळाची भाजी अशी करा की लेक मागून घेईल. मग मी स्वतः सगळ्या नातेवाइकांना सांगेन की खरंच नशीब काढलं.

तेल मोजून घ्यायचं. महिन्याला पावणेतीन लिटर, ते संपलं की पुढच्या महिन्यापर्यंत नवा डबा नाही. तीन माणसांचं तिघांपुरतंच शिजवायचं. बाहेर महिन्यातून दोनदा जाऊ, आणि माझ्या ताटात काय यायचं ते वेटरला मी सांगेन. आणि मी एकदा ‘नको’ म्हटलं की ते नकोच. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, चमचा पुढे करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे रुसायचं नाही. माझ्या ‘नको’चा तुमच्यावरच्या प्रेमाशी काही संबंध नाही, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून देते.

ज्या घरांत असाच प्रेमळ हात रोज कढईपाशी असतो, त्या घरांतल्या वाचकांनाही एक विनंती आहे. ‘चाखून बघ’ म्हणण्याआधी समोरच्याचा शेवटचा रिपोर्ट एकदा उघडून वाचा.

तुमच्यासाठी सांगायचं तर येत्या शनिवारी कुठेही टेबल सांगून ठेवू नका. संध्याकाळी पाच वाजता आपण तिघं पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जाणार आहोत. आल्यावर तुम्ही फुणके आणि कढी करायची. डाळ मी दुपारीच भिजत घालून ठेवते.

तुमची,
सौ.